बडोद्यातलं ‘बिनटाक्याचं’ मुतखड्याचं ऑपरेशन: पॅकेजात काय असतं, काय राहून जातं

बडोद्यात मुतखडा काढून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. अलकापुरी, रेसकोर्स, ओल्ड पादरा रोड या भागांत खासगी युरोलॉजिस्ट आहेत, सरकारी सयाजी हॉस्पिटल आहे, आणि अहमदाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसून नडियादला उतरलं की १९७८ पासून मूत्रविकारांचं काम करणारं मुळजीभाई पटेल हॉस्पिटल आहे. सेवा म्हणून या सगळ्याला चांगले गुण द्यावेत असंच चित्र आहे. तक्रार आहे ती विकण्याच्या पद्धतीबद्दल. पाट्यांवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत एकच माल मांडलेला दिसतो: लेझर, चीर नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. हा माल म्हणजे आरआयआरएस, लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण किडनीपर्यंत नेऊन केलेलं ऑपरेशन. तंत्र उत्तम आहे, पण सगळ्या खड्यांसाठी नाही. आणि ज्या खड्यांना ते बसत नाही त्यांच्यासाठी असलेली मिनी पीसीएनएल, म्हणजे पाठीतून थेट किडनीत जाऊन खडा काढणं, पाठीत सहा मिलिमीटरचं छिद्र पाडावं लागतं एवढ्याच कारणाने, पेशंटच मागे सारतात. आमच्या मते हा सौदा बऱ्याचदा उलटा पडतो.

कुठल्याही ठिकाणाची पहिली परीक्षा ऑपरेशनच्या आधीच होते. नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर तारीख दिली जात असेल तर थांबा. सोनोग्राफीत लहान खडे असतात त्यापेक्षा मोठे दिसतात आणि मूत्रवाहिनीच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयात उतरणाऱ्या नळीच्या, मधल्या भागातला खडा आतड्यातल्या हवेमुळे अनेकदा दिसतच नाही. निर्णयासाठी साधा, म्हणजे शिरेतून औषध न देता केलेला, केयूबीचा (किडनी, मूत्रवाहिनी, मूत्राशय) सीटी स्कॅन लागतो; कमी किरणांचा करता येतो, तसा सांगून करून घ्यावा. रिपोर्टात खड्याचं माप मिलिमीटरमध्ये, किडनीतला नेमका कप्पा, किडनीला आलेली सूज आणि खड्याची घनता हे चारही हवं. घनता हाउन्सफिल्ड युनिटमध्ये लिहितात. १००० च्या वर आकडा गेला की खडा कडक, तो शरीराबाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या झटक्यांना सहज दाद देत नाही. ५०० च्या खाली असेल, एक्स-रेवर खडा दिसत नसेल आणि लघवी आम्ल असेल, तर तो युरिक आम्लाचा असण्याची शक्यता मोठी. असा खडा पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच सातच्या आसपास ठेवून काही आठवडे-महिन्यांत विरघळवता येतो. हा पर्याय आपणहून सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला जपा. त्याने स्वतःचं एक ऑपरेशन घालवलेलं असतं.

दुसरी परीक्षा लघवीच्या कल्चरची, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते बघणाऱ्या तपासणीची. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि ‘आज दाखवा, उद्या ऑपरेशन’ या घाईत नेमकं तेच गळतं. खड्याच्या आत जंतू दडलेले असतात. दुर्बिणीतून सोडलेल्या पाण्याच्या दाबाने ते रक्तात ढकलले गेले की ऑपरेशननंतर काही तासांत थंडी, ताप, रक्तदाब घसरणं असं चक्र सुरू होतं. खड्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत जावं लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. कल्चरमध्ये जंतू निघाले तर त्यांच्यावर चालणारं औषध आधी देऊन मगच ऑपरेशन करायचं असतं. ताप आहे आणि खड्याने वाट बंद केली आहे, अशा वेळी तर खडा फोडायचाच नसतो. आधी मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक नळी) टाकून किंवा पाठीतून नळी घालून अडकलेली लघवी मोकळी करायची, खडा नंतर. ताप अंगात असताना ‘एकदाच सगळं उरकून टाकू’ असं कुणी म्हणालं तर पेशंटला दुसरीकडे हलवावं.

ऑपरेशन नकोच, असेही पुष्कळ खडे असतात. मूत्रवाहिनीत उतरलेला पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा साधारण तिघांपैकी दोघांचा आपोआप पडतो. पाच ते दहा मिलिमीटरचा जवळजवळ निम्म्यांचा. खालच्या टोकाशी अडकलेल्या, पाच मिलिमीटरहून मोठ्या खड्याला टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची रोज एक गोळी मदत करते. चार-सहा आठवडे वाट पाहता येते, पण मधे सोनोग्राफी करून किडनीची सूज वाढत नाही ना ते बघावं लागतं. एकच किडनी असेल, दोन्ही बाजूंना अडथळा असेल, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची खूण) चढत असेल किंवा इंजेक्शननेही कळ थांबत नसेल, तर ही सवलत नाही.

बाहेरून झटके देऊन खडा फोडणं, म्हणजे ईएसडब्ल्यूएल, १९८० साली म्युनिकमध्ये सुरू झालं. ते आज कमी सुचवलं जातं. दहा मिलिमीटरच्या आतला, हजाराखालच्या घनतेचा, वरच्या किंवा मधल्या कप्प्यातला खडा आणि सडपातळ पेशंट असेल तर ही पद्धत अजूनही रास्त आहे: बहुतेकदा पूर्ण भूल नाही, स्टेंटही लागतोच असं नाही. मिनिटाला ६० झटके हा वेग चांगला; यंत्र घाईने चालवलं तर तुकडे मोठे राहतात. त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलं की यश घसरतं. गरोदर स्त्रीला आणि रक्त पातळ करणारी औषधं बंद करता येत नाहीत त्यांना चालत नाही. एकामागोमाग तुकडे उतरून मूत्रवाहिनीत रांग लागते आणि वाट तुंबते, हा तिचा नेहमीचा त्रास.

मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या खड्यासाठी लघवीच्या वाटेने सरळ दुर्बीण घालून केलेली यूआरएस हा शहरातला सर्वांत खणखणीत सौदा आहे. सहा ते आठ फ्रेंचची बारीक, अर्धताठर दुर्बीण, होल्मियम लेझर, बहुतेकदा तासाच्या आत काम. (एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, पुढे हे माप वारंवार येईल.) याला महागडी यंत्रं लागत नाहीत, त्यामुळे मोठ्या नावाच्या मागे धावायचं कारण नाही. खडा वरच्या भागात असेल तर मात्र पाण्याच्या धारेने तो उलटा किडनीत पळतो, आणि तिथे लवचिक दुर्बीण हाताशी नसेल तर ऑपरेशन अर्धवट राहतं. तशा खड्यासाठी ‘लवचिक दुर्बीण त्या दिवशी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) असेल का?’ हे आधीच विचारून ठेवावं.

आता आरआयआरएस. पूर्ण भूल देतात. आधी मूत्राशयातून एक तार किडनीपर्यंत सरकवतात, तिच्यावरून बाहेरच्या मापाने १२ फ्रेंचच्या आसपासची, म्हणजे चार मिलिमीटरची पोकळ नळी चढवतात आणि त्या बोगद्यातून दुर्बीण आत-बाहेर करतात. लेझरचा तंतू ०.२ मिलिमीटरचा असतो. कमी ऊर्जा आणि जास्त वेग ठेवला की खड्याचं पीठ होतं. ऊर्जा वाढवून वेग उतरवला की तुकडे होतात, ते बारीक जाळीच्या टोपलीने ओढून काढतात. थुलियम फायबर लेझर होल्मियमपेक्षा बारीक पीठ करतो हे खरं आहे. पण पत्रकात छापलेल्या ‘इतक्या वॅटचं मशीन’ या आकड्याला भुलू नये. जास्त वॅट म्हणजे किडनीतलं पाणीही जास्त तापणार, आणि ते गार ठेवायला पाण्याचा प्रवाह नीट चालू ठेवावा लागतो. मशीनपेक्षा ते चालवणाऱ्याचा संयम मोलाचा.

यात बिघडतं कुठे? पहिली जागा म्हणजे मूत्रवाहिनीचं तोंड. काही पेशंटची वाहिनी इतकी अरुंद असते की नळी जातच नाही. रेटून घातली तर वाहिनी चिरते आणि पुढे ती आक्रसण्याची भीती राहते. शहाणा सर्जन अशा वेळी नुसता स्टेंट टाकून बाहेर येतो; एक-दोन आठवड्यांत वाहिनी सैल पडते, मग दुसऱ्यांदा भूल देऊन काम पुरं करतो. नातेवाइकांना हे ‘फेल गेलं’ असं वाटतं आणि भांडण होतं. खरं तर त्या सर्जनने पेशंटची वाहिनी वाचवलेली असते. भांडायचंच तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे पॅकेजमध्ये का धरले नव्हते, यावर भांडावं, आणि तेही भरती होण्याआधी.

दुसरी जागा किडनीचा खालचा कप्पा. तिथे जाताना दुर्बिणीला जवळजवळ मागे वळावं लागतं. तिच्या पोटात लेझरचा तंतू असला की ती पूर्ण वाकत नाही. कप्प्याची मान लांब, अरुंद आणि कोन तीव्र असेल तर खडा दिसतो पण लेझर पोचत नाही. अनुभवी हात टोपलीने खडा उचलून वरच्या कप्प्यात आणतात आणि तिथे फोडतात. पंधरा मिलिमीटरच्या पुढच्या कडक खड्याला ही युक्तीही पुरत नाही, आणि झालेलं पीठ खालीच साचून बसतं. काही महिन्यांनी सोनोग्राफीत ‘नवा’ खडा दिसतो तो अनेकदा हाच जुना गाळ असतो.

तिसरी जागा वेळ आणि दाब. दीड तासाच्या पुढे काम लांबलं की जंतुसंसर्गाचा धोका चढत जातो. दोन सेंटिमीटरचा खडा एका बैठकीत संपवण्याच्या हट्टापायी अडीच तास दुर्बीण आत ठेवणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे. अलीकडे टोक वाकणारी, पीठ शोषून घेणारी नळी आली आहे. तिने आतला दाब कमी राहतो आणि गाळही निघतो. ती मिळत असेल तर जादा खर्चाची बाब म्हणून उडवून न लावता विचार करावा. वरच्या-मधल्या कप्प्यातल्या दीड-दोन सेंटिमीटरच्या खड्यात ती पैसे वसूल करते.

मग मिनी पीसीएनएल. पाठीतून किडनीत जाऊन खडा काढण्याचं तंत्र १९७६ पासूनचं, स्वीडनमधलं. तेव्हापासून वाट बारीक होत आली आहे: नेहमीच्या पीसीएनएलमध्ये २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटर, मिनीत साधारण १५ ते २० फ्रेंच. नडियादच्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या मायक्रोपर्क पद्धतीत तर ही वाट ४.८५ फ्रेंचची, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी जास्त आहे. या विषयात जगाने दखल घेतलेलं काम बडोद्याच्या इतक्या जवळ झालेलं असताना इथले पेशंट ‘पाठीत भोक’ म्हटलं की दचकतात, हे जरा गमतीचंच आहे.

ऑपरेशनचा क्रम असा. आधी मूत्राशयातून एक बारीक कॅथेटर किडनीपर्यंत नेतात आणि त्यातून रंग सोडून कप्पे पडद्यावर उठवून घेतात. पेशंटला पालथं घालून, किंवा काही ठिकाणी उताणं ठेवूनच, सी-आर्म (ऑपरेशनच्या टेबलाजवळचं एक्स-रे यंत्र) किंवा सोनोग्राफीवर बघत १८ गेजची सुई मागच्या बाजूच्या कप्प्याच्या बरोबर टोकातून आत घालतात. सगळं ऑपरेशन या एका टोचणीवर उभं असतं. सुई टोकातून गेली तर मोठ्या रक्तवाहिन्या चुकतात. कप्प्याच्या मानेत किंवा थेट मधल्या पिशवीत घुसली तर रक्त थांबता थांबत नाही. सुईतून तार, तारेवरून रुंदी वाढवणाऱ्या नळ्या, मग पोकळ नळीचा बोगदा, त्यातून दुर्बीण. लेझर किंवा हवेच्या ठोक्यांनी चालणारा लिथोक्लास्ट खडा फोडतो, आणि मिनीत तुकडे पाण्याच्या भोवऱ्याबरोबर स्वतःच बाहेर येतात. खडा डोळ्यांसमोर बाहेर पडतो, गाळ मागे राहायला जागा कमी. दोन सेंटिमीटरच्या पुढच्या खड्याला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पीसीएनएललाच पहिली पसंती देतात. खालच्या कप्प्यातल्या दीड सेंटिमीटरच्या कडक खड्यालाही आम्ही बहुतेक वेळा मिनीच सुचवू: दोन-तीन दिवस भरती, पण सहसा एकच भूल. सगळ्या कप्प्यांत पसरलेल्या शिंगासारख्या खड्याला मात्र दोन वाटा किंवा दोन बैठका लागू शकतात, ते आधी कबूल करून घ्यावं.

धोके झाकून ठेवण्यासारखे नाहीत. जगभरच्या पीसीएनएलच्या अभ्यासांची बेरीज केली तर सुमारे ७ टक्के पेशंटना रक्त द्यावं लागतं, दहाएक टक्क्यांना ताप येतो आणि हजारी चारांच्या आसपास लोकांची रक्तवाहिनी आतून बंद करावी लागते. मिनीत रक्तस्राव याहून कमी. हे शेवटचं, वाहिनी बंद करण्याचं, काम युरोलॉजिस्टचं नसतं. त्यासाठी अँजिओग्राफीची सोय आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट लागतो. म्हणून ‘रात्री रक्त थांबलं नाही तर ही सोय इथेच आहे की पेशंट हलवावा लागेल?’ हा प्रश्न मशीनच्या कंपनीपेक्षा जास्त महत्त्वाचा. बाराव्या बरगडीच्या वरून वाट काढावी लागली तर छातीत पाणी किंवा हवा जाऊ शकते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे झाला की नाही ते नातेवाइकांनी विचारावं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती साधारण पाच-सात दिवस आधी थांबवतात, पण हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच. स्टेंट घातलेल्या हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं मुतखड्यापेक्षा कितीतरी घातक. औषध थांबवणं शक्यच नसेल तर पाठीतली वाट टाळावी लागते, आणि इथे आरआयआरएसचं पारडं निर्विवाद जड.

जाहिरातीत ज्याचा उल्लेख सापडत नाही आणि पेशंटला ज्याचीच आठवण राहते तो म्हणजे डीजे स्टेंट. किडनी ते मूत्राशय अशी २४ ते २६ सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना वळलेली लवचिक नळी. आरआयआरएसनंतर ती जवळजवळ नेहमी असते, एक ते चार आठवडे. बहुतेकांना ती जाणवते: सारखी लघवीला लागणं, लघवी करताना कमरेत कळ वर जाणं, दगदग झाली की लघवी लाल होणं. हे होणारच, आणि टॅमसुलोसिनने पुष्कळ कमी होतं. डिस्चार्जच्या वेळी ही गोळी लिहून दिलेली नसेल तर मागून घ्यावी. बडोद्याच्या माणसाला एक सांगणं भाग आहे: नवरात्राच्या तोंडावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. स्टेंट आत असताना गरबा खेळल्याने जीवाला धोका नसतो, पण पहिल्या दोन फेऱ्यांतच लघवी लाल होते आणि मध्यरात्री हॉस्पिटलला फोन जातो.

स्टेंट काढायला भूल लागत नाही. जेल लावून दुर्बिणीने पाचेक मिनिटांत निघतो. पुरुषांत लवचिक दुर्बीण असेल तर त्रास बराच कमी. तो काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर आकड्यात लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. त्रास कमी झाला म्हणून लोक विसरतात. काही महिने उलटले की स्टेंटवरच खडे चढतात, तो ओढला तर तुटतो, आणि एका सोप्या कामाच्या जागी दोन-तीन ऑपरेशनं होऊन बसतात. आमच्या दृष्टीने चांगल्या सेवेची सर्वांत सोपी खूण हीच: स्टेंटची वही ठेवून आपणहून फोन करणारं हॉस्पिटल.

बिलाबद्दल थोडक्यात. पॅकेजमध्ये स्टेंटची किंमत, तो काढण्याचा खर्च, लेझरचा तंतू, दुर्बिणीचे पैसे, लागल्यास दुसरा टप्पा आणि खड्याची तपासणी हे धरलं आहे का, ते एका कागदावर लिहून मागावं. एकदाच वापरायची दुर्बीण असेल तर तिच्या किमतीवर मेडिक्लेमवाले हटकून अडतात. अनेक पॉलिसींत मुतखड्याला दोन वर्षांची प्रतीक्षा असते. आणि खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेबाहेर गेलं तर सर्जनच्या फीसकट बाकीच्या रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात, हे एसी खोली निवडताना कुणाच्या लक्षात येत नाही. गुजरातमध्ये पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावरचं संरक्षण २०२३ पासून दहा लाखांचं आहे. मात्र आपल्याला सुचवलेली नेमकी पद्धत त्या हॉस्पिटलात कार्डावर होते का, ते कार्डाच्या खिडकीवर आधी विचारावं.

खडा निघाल्यावर तो डबीत घालून हातात देतात, लोक तो पाहुण्यांना दाखवतात आणि मग तो कपाटात जातो. त्याऐवजी इन्फ्रारेड पद्धतीने तपासायला पाठवावा. कॅल्शियम ऑक्झलेट, युरिक आम्ल, जंतुसंसर्गाचा खडा आणि सिस्टिन यांची पथ्यं वेगवेगळी आहेत. सगळ्यांना मिळून एकच छापील यादी देणं म्हणजे टाळाटाळ. दूध-दही बंद करण्याचा सल्ला तर बहुधा चुकीचाच: जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. टोमॅटोच्या बियांना उगाच बदनाम केलं आहे. मिठाचं काय ते बघा. मिठाने लघवीत कॅल्शियम वाढतं, आणि बडोद्याचा सेव-उसळ, लीलो चेवडो आणि वरून तिखट-मीठ शिंपडलेली काकडी अशी संध्याकाळ झाली की दिवसाचं पाच ग्रॅम मीठ जेवणाआधीच संपलेलं असतं. पाणी किती प्यायलं यापेक्षा दिवसाला अडीच लिटर लघवी होते का ते मोजा. मे महिन्यात त्यासाठी चार लिटरही कमी पडतं.

ऑपरेशन ‘यशस्वी’ म्हणजे काय, हेही विचारून ठेवावं. ओटीत पडद्यावर खडा दिसेनासा होणं वेगळं आणि एक ते तीन महिन्यांनी सीटी किंवा एक्स-रे-सोनोग्राफीत तुकडा न सापडणं वेगळं. चार मिलिमीटरच्या आतले तुकडे ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिले जातात. त्यातले काही पडतात, काही वाढतात. तपासणीची तारीख न देणारं ठिकाण स्वतःचा निकाल बघतच नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टींना सकाळची वाट बघायची नाही. थंडी वाजून ताप आला तर तो ‘हवा बदलली’ म्हणून आलेला नसतो. आणि पीसीएनएलनंतर पहिल्या तीन आठवड्यांत लघवीत गाठींसह लाल रक्त आलं, तर आतली फुगलेली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. डिस्चार्ज कार्डावर जो तातडीचा नंबर छापतात तो भरती होण्याआधीच मागून घ्यावा आणि एकदा रात्री अकरानंतर लावून बघावा. कोण उचलतं, ड्यूटीवरचा डॉक्टर की सिक्युरिटीवाला, ते कळलं की ॲडव्हान्स भरायचा की नाही ते ठरवा.